हिरडीतून रक्त येत नाही म्हणून खूश होऊ नका: तंबाखू तोंडात नेमकं काय करते

तंबाखूने कॅन्सर होतो हे पाकिटावरच्या फोटोसकट सगळ्यांना पाठ झालंय आणि पाठ झालेल्या गोष्टीचं जे होतं तेच याचंही झालंय, ऐकू येतं पण आत शिरत नाही. म्हणून कॅन्सरपासून सुरुवात करत नाही, त्याच्याकडे येऊच नंतर. आधी एक वाक्य घेऊ जे दातांच्या डॉक्टरांना सारखं ऐकायला मिळतं. "डॉक्टर, मी कॉलेजपासून ओढतोय पण माझ्या हिरड्या एकदम टणक, कधी थेंबभर रक्त नाही, उलट बायको काही खात नाही ओढत नाही तरी तिला ब्रश करताना रक्त येतं." माणूस खोटं बोलत नसतो, त्याच्या हिरडीतून खरंच रक्त येत नाही. पण रक्त न येणं हीसुद्धा तंबाखूचीच करामत आहे, आणि हा सगळा लेख खरं तर त्या एका गोष्टीभोवतीच फिरणार आहे.

कसं ते बघा. दातावर रोज एक चिकट थर बसतो, प्लाक म्हणतात त्याला, त्यात जंतू असतात. नीट साफ झाला नाही की हिरडीला सूज येते, तिथल्या रक्तवाहिन्या फुगतात, शरीर तिकडे जास्त रक्त पाठवतं म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढू शकतील, आणि अशा फुगलेल्या हिरडीला ब्रश लागला की रक्त येतं. म्हणजे बायकोच्या हिरडीतून आलेलं रक्त ही तक्रार आहे, शरीराने वेळेवर केलेली, आणि साफसफाई झाली की बहुतेक वेळा मिटणारी. निकोटिन काय करतं तर या बारीक रक्तवाहिन्या आकसून टाकतं, आणि वर्षानुवर्षं ओढणाऱ्याच्या हिरडीत सूज आली तरी रक्तवाहिन्या हव्या तेवढ्या वाढत नाहीत. हिरडी फिकट, जाडसर, घट्ट दिसते. आरशात बघितलं तर चक्क तब्येतीची वाटते. आतमधे मात्र जंतू त्यांचं काम करतच असतात, आणि दात ज्या हाडात बसलेला असतो ते हाड हळूहळू झिजत जातं. वरून फरशी चकाचक आणि खालची माती वाहून गेलेली, असला प्रकार.

हे कळतं कशाने तर एका बारीक सळईने. प्रोब म्हणतात, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात. डॉक्टर ती दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत हलकेच सरकवतात आणि ती किती आत जाते ते वाचतात, प्रत्येक दाताला सहा ठिकाणी. चांगल्या हिरडीत १ ते ३ मिलिमीटर जाते. ४ किंवा जास्त गेली की गडबड सुरू झाली समजायचं. ओढणाऱ्या माणसाच्या तोंडात ती कधीकधी ६-७ मिलिमीटर आत जाते, आणि बाहेर काढली की टोकाला रक्ताचा मागमूस नाही. पेशंटला दुखलेलंही नसतं. एक्सरे काढून दाखवला तेव्हा कुठे त्याला पटतं की दाताभोवतीचं हाड निम्म्यावर आलंय. न ओढणाऱ्यापेक्षा सिगारेट ओढणाऱ्याला हिरड्यांचा हा आजार व्हायची शक्यता साधारण दुप्पट असते, आणि जितकी जास्त ओढाल, जितकी जास्त वर्षं ओढाल तितकी ती वाढते.

नुसतं लपवणं असतं तरी एकवेळ चाललं असतं पण तंबाखू बरं होणंही अवघड करते. पांढऱ्या पेशींची जंतू मारायची ताकद कमी होते, हिरडी आणि हाडाला धरून ठेवणारे तंतू बनवणाऱ्या पेशी मंदावतात, आणि ऊतींना ऑक्सिजन कमी मिळतो कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली जागा अडवून बसतो. त्यामुळे तीच सफाई, तेच ऑपरेशन, तोच डॉक्टर असूनही ओढणाऱ्याचा गुण कमी येतो. इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रूसारखं रोवून बसवलेलं खोट्या दाताचं मूळ, बसवलं तर हाडात पक्कं न होता निघून यायचा धोका जास्त. दात काढला तर त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरायला हवी, तीच जखमेचं झाकण असते, ती ओढणाऱ्यात नीट धरत नाही किंवा झुरका घेताना ओढीने निसटते आणि हाड उघडं पडतं, ड्राय सॉकेट म्हणतात त्याला. दात काढल्यावर दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत कळ मारते ती हीच. ज्याला झालंय त्याला विचारा, दात दुखत होता तेच बरं होतं म्हणेल.

इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो कारण यावरून हमखास गैरसमज होतो. सिगारेट सोडली की काही आठवड्यांत हिरडीतला रक्तपुरवठा सुधारायला लागतो आणि काहींना तेव्हा पहिल्यांदा ब्रश करताना रक्त दिसतं. मग लगेच निष्कर्ष, सोडली आणि त्रास सुरू झाला, शरीराला सवय आहे, परत चालू करू. अरे, सूज आधीपासूनच होती, आता फक्त दिसायला लागली. अशा वेळी स्केलिंग, म्हणजे डॉक्टरकडून दातांवरचा साठलेला थर खरवडून काढणं, करून घ्यायचं, ब्रश आणि फटींमधली सफाई नीट करायची, रक्त थांबतं.

आता चघळणाऱ्यांकडे येऊ, कारण "मी ओढत नाही, धूर नाही, फुप्फुसाला काही नाही" हा युक्तिवाद फार चालतो. फुप्फुसाबद्दल काय ते वेगळं बोलू, तोंडाच्या बाबतीत हा युक्तिवाद उलटाच पडतो. थोडी केमिस्ट्री आहे, घाबरू नका. निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जातं तेव्हाच जेव्हा आजूबाजूचं वातावरण आम्लाकडे न झुकता क्षाराकडे झुकलेलं असतं. सिगारेटचा धूर आम्लाकडे झुकणारा, त्यामुळे तोंडातून फारसं शोषलं जात नाही, फुप्फुसापर्यंत ओढावं लागतं. सिगार आणि पाइपचा धूर क्षाराकडे झुकणारा म्हणून तो फुप्फुसात न ओढताही, नुसता तोंडात घोळवला तरी निकोटिन मिळतं. आणि चघळायच्या तंबाखूत चुना किंवा दुसरा कुठला तरी क्षार असतो तो उगाच नसतो, त्याच्यामुळेच निकोटिन गालाच्या अस्तरातून पटकन आत शिरतं आणि "किक" बसते. पण जे अस्तर निकोटिनला वाट देतं ते बाकीच्या मालालाही वाट देतं, शिवाय चुन्याने तिथलं अस्तर सारखं भाजल्यासारखं होत असतं ते वेगळंच.

बाकीचा माल म्हणजे काय? धुरात ७००० हून जास्त रसायनं असतात आणि त्यातली साधारण ७० कॅन्सर करणारी म्हणून माहीत आहेत. धूर नसलेल्या तंबाखूतही अशी कमीत कमी २८ सापडलीयेत. त्यातली सगळ्यात वाईट म्हणजे तंबाखूतच तयार होणारी नायट्रोसामाइन्स, पान सुकवताना, आंबवताना, साठवताना ती बनतात, म्हणजे कंपनीने वरून काही घातलं नाही, एकदम "शुद्ध नैसर्गिक पान" आहे असं कोणी सांगितलं तरी ती त्यात असतातच. आणि झुरका दोन सेकंदात आत-बाहेर होतो, चघळणारा मात्र तंबाखूची गोळी अर्धा-अर्धा तास एकाच जागी दाबून ठेवतो, बहुतेक जणांची जागाही ठरलेली, खालच्या ओठाच्या मागे नाहीतर एका बाजूच्या गालात. दिवसातून किती वेळा ते ज्याचं त्याला माहीत. तोंडात बघताना अनुभवी डॉक्टर विचारतही नाही कुठल्या बाजूला ठेवता म्हणून, दिसतंच. तिथली हिरडी दाताच्या मुळावरून खाली सरकलेली असते, मूळ उघडं पडून थंड लागलं की झिणझिणतं, पानातल्या बारीक कचकचीने दातांची टोकं घासून सपाट झालेली असतात. बऱ्याच चघळायच्या प्रकारांत साखर किंवा गूळ असतो, त्यामुळे उघड्या पडलेल्या मुळांना कीड लागते. मुळावर वरच्यासारखं इनॅमलचं कवच नसतं, कीड लवकर आत जाते.

आणि त्याच जागी अस्तर पांढुरकं, सुरकुतलेलं दिसतं. इथून पुढचा भाग जरा लक्ष देऊन वाचा.

गोळी ठेवायच्या जागी अस्तर जाड होऊन सुरकुत्या पडणं हा शरीराचा बचाव आहे, आणि चांगली बातमी अशी की तंबाखू तिथे ठेवणं थांबवलं तर ते बहुतेकांचं काही आठवड्यांत पूर्ववत होतं. थांबवूनही गेलं नाही तर मात्र तपासायलाच हवं. त्यापेक्षा वेगळा प्रकार म्हणजे ल्युकोप्लाकिया, पांढरा चट्टा, बोटाने किंवा कापसाने पुसला तरी न निघणारा आणि दुसरं काही कारण न सापडणारा. दुखत नाही, जळजळत नाही, कित्येकांना तो आहे हे दुसऱ्याच कामासाठी डॉक्टरकडे गेल्यावर कळतं. सगळे चट्टे कॅन्सर होत नाहीत, बहुतेक होत नाहीत, पण कुठला होईल ते नुसतं बघून सांगता येत नाही म्हणून छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, बायोप्सी म्हणतात त्याला. आणि लाल चट्टा असेल, मखमलीसारखा, एरिथ्रोप्लाकिया, किंवा पांढऱ्यात लाल मिसळलेला, तर थांबूच नका. पांढऱ्यापेक्षा लाल कितीतरी धोकादायक, अशा चट्ट्याची बायोप्सी केली की बऱ्याचदा त्यात आधीच गंभीर बदल किंवा कॅन्सरच निघतो. लोकांना पांढऱ्या डागाची भीती वाटते आणि लाल दिसलं की "उष्णता झाली" म्हणून सोडून देतात, नेमकं उलटं करतात.

सुपारीबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही कारण चघळायच्या तंबाखूत ती फार ठिकाणी सोबत असते, आणि "तंबाखू नाही, साधी सुपारीच खातो" म्हणणाऱ्यांनाही यातून सुटका नाही. आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या शाखेने, तंबाखू नसलेल्या सुपारीलासुद्धा माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय, २००४ सालचा अहवाल आहे. कॅन्सरच्या आधी जो आजार होतो तो सबम्युकस फायब्रोसिस. सुपारीतलं अरेकोलिन नावाचं द्रव्य गालाच्या आतल्या पेशींना कोलॅजेन, म्हणजे जखम भरून आल्यावर जे कडक तंतू राहतात ते, जास्त बनवायला लावतं, आणि सुपारीत तांबं भरपूर असतं त्याने हे तंतू एकमेकांना घट्ट बांधले जातात. गाल आतून पांढरट, ताठ होतो. सुरुवात तिखट सहन न होण्यापासून होते, साधी भाजीही झोंबते. मग तोंड कमी उघडायला लागतं, इतकं हळूहळू की माणूस घास लहान करत जातो आणि त्याला कळतही नाही. आत्ताच करून बघा, स्वतःची मधली तीन बोटं उभी एकावर एक वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधे घाला. साधारणपणे तीन बोटं आरामात जायला हवीत. दोनच गेली तर दाखवून घ्या, एकच जात असेल तर आजार चांगलाच पुढे गेलाय. तोंड उघडायचे व्यायाम, इंजेक्शनं, ऑपरेशन असे उपाय आहेत पण एकदा बनलेले तंतू पूर्ण जात नाहीत, गाल पहिल्यासारखा होत नाही. सुपारी बंद केली तर वाढ रोखता येते एवढंच हातात उरतं. आणि या ताठ झालेल्या अस्तरातच पुढे काहींना कॅन्सर होतो.

तर कॅन्सर. नायट्रोसामाइन्स पेशीत गेली की शरीर त्यांचा निचरा करायला जातं आणि त्या खटपटीत त्यांचं असं रूप तयार होतं जे डीएनएला जाऊन चिकटतं. पेशीकडे दुरुस्तीची सोय असते, रोजच्या रोज दुरुस्ती चालूही असते, पण रोजच चिकटत राहिलं तर कधीतरी एखादी चूक तशीच राहून जाते. ती चूक जर पेशीला वाढ थांबवायला सांगणाऱ्या जनुकात झाली, पी-५३ हे त्यातलं प्रसिद्ध नाव, तर ती पेशी आणि तिच्यापासून झालेल्या सगळ्या पेशी वाढतच सुटतात. याला वर्षं लागतात, म्हणूनच "इतकी वर्षं झाली काही झालं नाही" हे वाक्य काहीच सिद्ध करत नाही. सोबत दारू असेल तर धोक्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो, कारण दारूने अस्तर जास्त झिरपू देतं आणि तंबाखूतली रसायनं आणखी आत जातात. २०२२ मधे जगभरात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे साधारण ३ लाख ८९ हजार नवे पेशंट सापडले आणि १ लाख ८८ हजारांच्या आसपास माणसं गेली. यातल्या जवळजवळ एक तृतीयांश केसेस, म्हणजे १ लाख २० हजार, बिनधुराच्या तंबाखूमुळे किंवा सुपारीमुळे झाल्या असा हिशोब त्याच कॅन्सर संशोधन संस्थेने मांडलाय. धूर नाही म्हणून सेफ, नाही का.

आणि इथेही तोच लपंडाव. आपल्याला दुखणारी जखम गंभीर वाटते. तोंड आलं, छाला झाला की कसला जीव जातो, पण तो आठवड्या-दीड आठवड्यात बरा होतो. कॅन्सरची जखम सुरुवातीला बऱ्याचदा दुखतच नाही. कडा उचललेल्या, बोटाने दाबलं तर खाली कडक लागतं, आणि दोन आठवडे झाले तरी भरत नाही. हा दोन आठवड्यांचा हिशोब डोक्यात पक्का ठेवा, तोंडातली कुठलीही जखम, गाठ, चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर दाखवायचं, दुखो वा न दुखो. सोबत दात कारण नसताना हलायला लागला, कवळी अचानक बसेनाशी झाली, जीभ किंवा ओठ बधिर वाटतोय, गिळताना कान दुखतो, गळ्यात गाठ लागतेय, यातलं काहीही असलं तरी. लवकर सापडला तर छोट्या ऑपरेशनवर भागू शकतं आणि बहुतेक माणसं पुढची कित्येक वर्षं नीट जगतात, उशिरा सापडला तर जबड्याचा तुकडा, जिभेचा भाग, रेडिएशन, मग बोलणं आणि जेवण दोन्ही परत शिकायचं.

दातांचे डाग, तोंडाचा वास, चव कमी लागणं, जिभेवर काळपट केसाळ थर, टाळूवर पांढऱ्या भागात लाल ठिपके, पुढच्या हिरडीवर तपकिरी छटा, हे सगळं होतंच, पण यात फार वेळ घालवत नाही कारण यातलं बरंचसं सोडल्यावर कमी होतं. फक्त एक, डाग काढायला म्हणून खरखरीत पावडरने घासत बसू नका, इनॅमल जातं आणि डाग परत येतात. फिल्टरवाली, लाइट, पाण्यातून येणारा हुक्क्याचा धूर, यातलं काहीही तोंडाला वाचवत नाही, पाणी धूर थंड करतं, विष गाळत नाही. दात दुखतो म्हणून तंबाखू दाबून धरणारेही असतात, बधिर वाटतं म्हणून बरं वाटतं, तेवढ्या वेळात कीड दाताच्या आतल्या नसेला जाऊन पोचते.

तोंड स्वतः बघायला पाच मिनिटं लागतात, महिन्यातून एकदा पुरे. आरशासमोर, मोबाइलचा टॉर्च, हात धुऊन. कवळी असेल तर काढायची. आधी ओठ बाहेर वळवून आतली बाजू. मग एकेक गाल बोटाने बाजूला ओढून अगदी मागच्या दाढेपर्यंत, आणि गाल-हिरडीच्या मधली खालची खोबण नीट, गोळी तिथेच असते. जिभेचं टोक टिश्यूने धरून आधी एका बाजूला ओढायची मग दुसऱ्या, कारण कॅन्सर जिभेच्या वरच्या भागापेक्षा कडेला जास्त होतो आणि कड कोणी बघतच नाही. मग जीभ वर टाळूला लावून खालची जमीन, शेवटी मान मागे टाकून टाळू. नुसतं बघायचं नाही, बोटही फिरवायचं, कडक काही लागतंय का. दोन्ही बाजू सारख्या असायला हव्यात, एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही असं काही दिसलं तर फोटो काढून तारीख टाकून ठेवा, दोन आठवड्यांनी परत बघायला सोपं जातं.

सोडल्यावर काय होतं? हिरडीचा आजार नव्याने वाढायचा वेग कमी होतो आणि उपचारांना गुण यायला लागतो, गेलेलं हाड मात्र आपोआप परत येत नाही, जेवढं उरलंय तेवढं राखायचं. तोंड आणि घशाच्या कॅन्सरचा धोका ५ ते १० वर्षांत ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत निम्म्यावर येतो. म्हणून "आता काय उपयोग, वय झालं" हे काही खरं नाही, आणि कॅन्सर झालेल्या माणसानेही सोडली तर उपचार जास्त लागू पडतात, दुसरा कॅन्सर व्हायचा धोका कमी होतो.

सोडताना निकोटिन गम वापरणारे बरेच जण ती च्युइंगगमसारखी चावत सुटतात, मग उचकी, मळमळ, घशात जळजळ आणि "ही गम काही कामाची नाही". तिथेही तीच केमिस्ट्री आहे. गम हळू चावायची, तिखटसर चव किंवा झिणझिण आली की चावणं थांबवून गाल आणि हिरडीच्या मधे ठेवायची, चव गेली की परत थोडं चावायची आणि जागा बदलून ठेवायची, अर्धा तास असं. गमच्या आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असताना कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक काही नको, आम्ल असलं की निकोटिन अस्तरातून शोषलंच जात नाही, सगळं पोटात जातं. २ आणि ४ मिलिग्रॅम अशा दोन ताकदीत येते, उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला पहिली सिगारेट लागते त्याला सहसा ४ ची लागते. चघळणाऱ्यांनी, हार्टचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डोस डॉक्टरला विचारून घ्यावा, आणि गम चालू असताना मधेमधे तंबाखूही चालू असेल तर तेही सांगावं, त्यावरूनच डोस कमी पडतोय का ते कळतं.